दहावी आली म्हणून पेटी बंद करू नका

मूल दहावीत गेलं की जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूरमध्ये घराघरांत एक निर्णय फारशी चर्चा न होता घेतला जातो. मुलाची पेटी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली जाते. तबल्याची जोडी असली तर तीही तिच्याशेजारी जाते. ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे, परीक्षा झाली की पुन्हा सुरू कर,’ असं आईवडील सांगतात आणि ते मनापासून सांगतात. पण दहावीमागून अकरावी-बारावी येते, नीट आणि सीईटी येते, मूल जळगावला नाहीतर संभाजीनगरला खोली करून राहतं. पेटी आहे तिथेच राहते. गावाच्या पेठेत काय आणि कसब्यात काय, अशा पेट्या मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत. भाता उंदरांनी कुरतडलेला, पावसाळ्यात ओल धरून पट्ट्या चिकटलेल्या, आणि आमच्या भागातल्या उन्हाळ्याने लाकडाला चिरा गेलेल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, की वाद्य बंद करू नका. कमी करा, अगदी थोडं करा, पण दहावीतसुद्धा पूर्ण बंद करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी आयुष्यभर शिकवलं. मुलांच्या अभ्यासाची काळजी मला कोणाहून कमी नाही. आणि लहानपणापासून आजपर्यंत मी पेटी वाजवत आले आहे. या दोन्ही अनुभवांवरून हे लिहीत आहे.

मला पेटी शिकवली आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. आबा कपाशी-ज्वारीचे शेतकरी आणि गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. त्यांची पेटी मुंबईहून पाचोऱ्यापर्यंत मोठ्या गाडीने आणि तिथून पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेजने, शेंदुर्णीवरून पहूर स्टेशनात उतरली होती. कोरोनाच्या काळात थांबलेली ती छोटी गाडी पुढे सुटली नाही, पण माझ्या लहानपणी पहूरला जगाशी जोडणारी तीच होती.

आबांनी सुरुवातीला मला पट्टीला हात लावू दिला नाही. ते स्वतः सूर धरायचे आणि मला फक्त भाता मारायला सांगायचे. भाता हिसक्याने मारला की सूर हेलकावे खातो, हे कानाला कळेपर्यंत डाव्या हाताचीच शिकवणी. मग ‘सा’. तोही बराच काळ एकटाच. “पोरी, आधी सा धर, बाकीचे मागून येतीन,” असं ते म्हणायचे. त्यानंतर सारेग, रेगम, गमप हे अलंकार, मग भूपाच्या पाच सुरांची चाल आणि मग अभंग. एकादशीला विठ्ठल मंदिरात भजन असायचं. रूपाच्या अभंगाने सुरुवात, मधे गौळण, शेवटी भैरवी. आबा काळी एकमध्ये गात आणि बायका गायला लागल्या की काळी चार धरावी लागे. तोच अभंग, पण बोटांच्या जागा सगळ्या बदललेल्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे करावं लागतं तेव्हा तिच्या डोक्यात जी हालचाल होते ती मी पुढे गणित शिकवताना ओळखली. एकच संबंध जागा बदलूनही टिकतो, हे तिथे बोटांना आधी कळतं.

युरोपात जसा घरोघरी पियानो आला तशी आपल्याकडे पेटी आली. पियानो इटलीत फ्लोरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास घडवला. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने १८४० च्या दशकात घेतलं. ती पायांनी भाता मारण्याची, खुर्चीवर बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये तिचा भाता मागे आणून हाताने मारायची पेटी केली, आणि जमिनीवर मांडी घालून गाणाऱ्या आपल्या माणसांच्या ती मांडीशी आली. पियानोला लोखंडी चौकट असते, तारांचा ताण टनांत मोजतात, तो हलवायला चार माणसं लागतात आणि सूर लावायला जाणकार. आमच्या खेड्यात तो कसा येणार? पेटी बैलगाडीतून आली. पण सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांची मांडणी दोन्हींत तीच आहे. मुंबईत धोबी तलावला पियानोच्या शिकवणीला जाणारं मूल आणि पहूरच्या ओट्यावर पेटीला बसलेलं मूल एकाच गोष्टीने सुरुवात करतात. सूर त्यांना डोळ्यांनी दिसतो, बोटाला सापडतो, आणि चुकला तर लगेच कळतो.

पेटी गावोगाव पोचवली ती नाटक कंपन्यांनी, कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी. १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः थोर पेटीवादक होते. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष असत, तसं ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे असत. त्या मंडळीचे बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले होते, ही आमच्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. खान्देशात पुढेही त्यांच्या पदांचा नाद राहिला आणि ती पदं पेटीवर काढणारी माणसं गावागावांत होती. त्यातली बहुतेक शेती करत, दुकान चालवत, नाहीतर शाळेत शिकवत. पेटी त्यांच्या पोटापाण्याचा भाग नव्हती.

या वाद्याला मोठ्या घरांतून विरोधही झाला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. आक्षेप खोटा नव्हता. आपलं गाणं एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातं, आणि पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नसतं. तिचे बारा सूर ठरलेले, श्रुतींना त्यात जागा नाही. सांगलीकडच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच श्रुतींची पेटी करण्यासाठी खटपट केली होती, आणि आजही डॉ. विद्याधर ओक यांच्यासारखे लोक बावीस श्रुतींच्या पेटीवर काम करतात. रेडिओवरची बंदी १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. तोपर्यंत तीस वर्षं गेली होती. या तीस वर्षांत पेटी जिवंत राहिली, कारण घरात आणि देवळात ती रोज वाजत होती. पुढे तुळशीदास बोरकरांसारख्या वादकाला २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या सन्मानाच्या मागे लाखो अनाम घरांतली ही रोजची वाजवणी उभी आहे. वाद्य टिकतं ते रोज वाजवणाऱ्यांमुळे, हा माझ्या मुद्द्याचा पाया आहे.

लहानपणी शिकलेलं वाद्य आयुष्यभर माणसाजवळ कसं राहतं याचं मराठी माणसाला सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे. १९१९ चा जन्म, पार्ल्यात वाढलेला मुलगा, शाळकरी वयात दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे पेटी शिकला. पुढे त्यांनी काय केलं नाही? बेळगावला कॉलेजात शिकवलं, आकाशवाणीत आणि दूरदर्शनमध्ये काम केलं, नाटकं लिहिली, एकपात्री प्रयोग केले. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका सगळं त्यांचं. पेटी हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता, तरी कुमार गंधर्व आणि वसंतराव देशपांडे यांच्या मैफलींत ते पेटीला बसत. त्यांच्या लेखनात वाक्य कुठे थांबतं, कुठे समेवर येतं, हे ज्याने कधी ठेका धरला आहे त्याला ऐकू येतं. ‘पेटीने पोराचं काय भलं होणार?’ असं विचारणाऱ्या पालकांनी हे आयुष्य जरूर पाहावं.

मी पु. ल. नाही आणि माझे विद्यार्थीही बहुतेक साधी माणसं होणार आहेत. म्हणून साध्या माणसाच्या आयुष्यात पेटी काय करते ते सांगते.

माझ्या लग्नात आबांनी रुखवतात पेटी मांडली. सासर शेजारच्याच तालुक्यातलं. तिथे पेटी पुरुषांनी वाजवायची वस्तू होती. तिच्याजवळ पहिल्यांदा येऊन बसल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या येत की सांगता सांगता रात्र व्हायची. बहिणाबाई चौधरींच्या असोद्याची ही माती आहे, इथे घरोघरी अशा बाया होत्या. सासूबाई ओवी म्हणत आणि मी ती पेटीवर शोधी. ओवी पट्ट्यांवर नीट बसत नाही. गळा दोन सुरांच्या मधूनच सरकतो, लांब ओढीवर थोडा खाली उतरतो. तिथे मी बोटं उचलून घ्यायला शिकले आणि फक्त ‘सा’ धरून ठेवायला शिकले. रेडिओवाल्यांच्या आक्षेपाचा अर्थ मला ग्रंथ वाचून नाही, सासूबाईंच्या ओवीने कळला. त्याच घरात पुढे सासूबाई पाहुण्यांना सांगत, ‘आमची सून पेटी वाजवते.’

शाळेत परिपाठाला पेटी असायची. राष्ट्रगीत, प्रार्थना, समूहगीत, आणि मग माझ्या वर्गात पाढे आणि बालभारतीतल्या कविता. आमच्या मुलांच्या घरात तावडी बोली चालते. पुस्तकाची मराठी वाचताना ती अडखळत, लाजत. तीच कविता चालीत म्हटली की शब्द स्वच्छ येत, कारण चाल अक्षरांना त्यांची लांबी देते आणि सगळे एकदम म्हणत असल्यामुळे भीती राहत नाही. तीन दशकं हे मी रोज पाहिलं आहे.

माझे यजमान गेले त्यानंतरच्या दिवसांत बोलायची इच्छा होत नसे आणि वाचलेलं डोक्यात शिरत नसे. पेटी मात्र वाजवता येत होती. बोटांना काही विचारावं लागत नव्हतं. आता सांधे दुखतात, द्रुत लय जमत नाही, म्हणून मी विलंबित वाजवते. एकादशीला गावातल्या बायकांचं भजन असतं, तिथे पेटी माझ्याकडे असते. हे सगळं मला आठव्या वर्षी सुरू केलेल्या आणि पंधराव्या वर्षी बंद न केलेल्या एका सवयीने दिलं आहे.

पंधरावं वर्ष मी मुद्दाम म्हणते. आठ-दहा वर्षांचं मूल शिकवलेलं वाजवतं. हात दाखवाल तिथे बोट ठेवतं. चौदा-पंधराच्या सुमाराला त्यात बदल होतो. मूल ऐकलेलं वाजवू लागतं. रस्त्यावरून वरात गेली, मोबाइलवर गाणं लागलं, देवळात नवी चाल ऐकली, की घरी येऊन ते पट्ट्यांवर शोधू लागतं. कान आणि बोट यांच्यामधला मास्तर तिथे गळून पडतो. ज्याला हे एकदा साधलं, त्याचं वाद्य पुढे दहा वर्षं सुटलं तरी परत येतं. मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं आहे. ट्रॅक्टर चालवणारे, बँकेत असणारे, चाळिशीत पुन्हा पेटी काढून बसले आणि महिन्या-दोन महिन्यांत वाजवू लागले. ज्यांचं वाद्य या वळणाच्या अलीकडे थांबलं त्यांच्या हातात अलंकार उरले, गाणं उरलं नाही. आणि आपण नेमकं याच वयात वाद्य बंद करतो. कैरी पाडाला आली की झाडाचं पाणी तोडण्यासारखं हे आहे.

पालकांचं भय मला समजतं. शेतीचा भरवसा नाही, कपाशीचा भाव हातात नाही, पोराने शिकून नोकरी धरावी हीच एक वाट दिसते. त्या भयाला मी हलकं मानत नाही. पण मी मागते आहे ती रात्री जेवणानंतरची पंधरा मिनिटं. दिवसभर शिकवणी करून आलेलं मूल ती मिनिटं मोबाइलला देतंच. खर्चाचं म्हणाल तर शिकाऊ पेटी साध्या स्मार्टफोनच्या किमतीत येते, जुनी त्याहून स्वस्त मिळते, आणि नीट ठेवली तर नातवापर्यंत पुरते. आबांच्या पेटीचे सूर अजून बोलतात. भाता बदलावा लागला आहे, एवढंच.

गुणांची गोष्टही बोलली पाहिजे. राज्य शासन शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण देतं. त्यामुळे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना खेड्यातली मुलं बसू लागली, हे चांगलंच झालं. पण दाखला शाळेत जमा झाला की शिकणं संपलं असं पालक समजतात, आणि मुलंही तसंच समजतात. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संगीत घराघरांत जावं म्हणून. त्या परंपरेतली परीक्षा देऊन पेटी बंद करणं हा त्या कामाचा अपमान आहे.

वाद्याने बुद्धी वाढते, स्मरण टिकतं, अशी आश्वासनं मी देणार नाही. एक अभ्यास मात्र सांगते. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ माणसांना काही वर्षं पाहून २००३ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. यावरून पेटी औषध ठरत नाही. पण म्हातारपणी वाजवायचं असेल तर ते लहानपणीच हातात पडलेलं बरं, एवढं माझ्या अनुभवावरून मी सांगू शकते. साठीत शिकायला बसलेल्या माझ्या मैत्रिणी किती कष्ट घेतात ते मी पाहते.

शासनाचंही कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. ते कलम खेड्यांतल्या शाळांत प्रत्यक्षात यावं, यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांनी पाठपुरावा केला पाहिजे. समितीत पालकच असतात. खोली मागतो, शौचालय मागतो, तसा संगीताचा माणूसही मागावा.

तोवर गावाने थांबून राहू नये. गावोगावच्या मंदिरांत पेटी आहे, मृदंग आहे, आणि ती सप्ताह सोडून वर्षभर कुलपात असतात. संध्याकाळी एक तास ते कुलूप उघडावं. भजनी मंडळातल्या जाणत्या माणसांनी दोन-चार मुलांना शेजारी बसवावं. त्या मुलांत मुलीही असाव्यात, आणि त्यांना टाळांवर न थांबवता पेटीवर बसवावं. कीर्तनाला साथ करण्याएवढं शिकायला मोठी फी लागत नाही. जाणता माणूस आणि रोजची बैठक लागते, आणि या दोन्ही गोष्टी अजून आपल्या गावांत आहेत. आणखी वीस वर्षांनी असतील याची खात्री नाही, कारण मंडळांतली पेटीवर बसणारी माणसं आता बहुतेक साठीच्या पुढची आहेत. त्यांच्यानंतर पेटीला कोण बसणार, हे आज दहावीत असलेल्या मुलांवर ठरणार आहे.

म्हणून ज्यांचं मूल येत्या जूनमध्ये दहावीत जाणार आहे त्यांना माझं सांगणं आहे. अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर लावाल तेव्हा त्यात विज्ञान, गणित, इंग्रजी लिहा, आणि रात्रीची पंधरा मिनिटं पेटीची लिहा. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यातही ती खोडू नका. शेजारी विचारतील, नातेवाईक टोकतील, शिकवणीचे सर नाराज होतील. त्यांना उत्तर मुलाने देऊ नये, तुम्ही द्यावं.